मराठीचे पाणिनि : दादोबा पांडुरंग तर्खडकर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

थोर पुरुषांची नावे घेतली की आपल्या डोळ्यांसमोर लढवय्ये, संत आणि देशभक्त उभे राहतात. व्याकरण लिहिणाऱ्या माणसाचे चरित्र कोणी हौसेने वाचीत नाही. व्याकरण हा विषयच मुळी विद्यार्थ्यांना धाक दाखवणारा! मीही त्याला भिऊनच होते. परंतु गेल्या वर्षी असा एक प्रसंग घडला की, त्यामुळे मला एका व्याकरणकाराच्या चरित्राकडे वळावे लागले. त्या चरित्राने माझी भीती घालवली. म्हणून या वार्षिक अंकासाठी लेख मागितला तेव्हा दुसरा कोणताही विषय माझ्या मनात आला नाही.

प्रसंग अगदी साधा आहे. प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या चाचणीत पाच मराठी वाक्यांचे भाषांतर करावयाचे होते. पहिले वाक्य होते, जर पाऊस पडला तर पीक चांगले येईल. हे वाक्य तर आमच्या धर्माबादेत मृग नक्षत्र लागले की रोज कानावर पडते! मी विचार केला की, पडला हा भूतकाळ आहे, म्हणून भूतकाळच लिहावा. मी लिहिले, इफ इट रेन्ड, द क्रॉप विल ग्रो वेल. वाक्यावर तांबडी रेघ आली. पुढच्या वाक्यात चूक नको म्हणून मी दोन्हीकडे भविष्यकाळ घातला. त्यावरही तांबडी रेघ! पाचही वाक्ये जर-तरची होती आणि पाचही चुकली.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील मोंढ्यात मिरचीच्या आडतीवर हमाली करतात, आई मिरचीचे देठ खुडायला जाते. घरी विचारावे असे कोणी नाही. इंग्रजी सोडून दुसरा विषय घेता येतो का, याची चौकशीही मी करून आले होते. आमच्या मराठीच्या मॅडमच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी मला ग्रंथालयात नेले आणि मराठी व्याकरणाचा इतिहास सांगणारे एक जुने पुस्तक हाती ठेवले. इंग्रजी अडले असता मराठीचे पुस्तक कशाला, असे मला वाटले. त्या पुस्तकातच मला दादोबा पांडुरंग भेटले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तर्खडकर हे नाव ऐकताच आपल्याला भाषांतर पाठमाला आठवते. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या त्या पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. ती लिहिणारे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर हे निराळे गृहस्थ. दादोबा हे त्यांच्या आधीच्या पिढीतले. द्वारकानाथांनी मराठी माणसाला इंग्रजी शिकवले, तर दादोबांनी मराठी माणसाला मराठीचेच नियम दाखवून दिले.

दादोबांचा जन्म मुंबईत ९ मे १८१४ रोजी झाला. घराणे वैश्याचे. वसईजवळचे तर्खड हे त्यांचे मूळ गाव, त्यावरून तर्खडकर हे आडनाव आले. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे यशोदाबाई. घरातले वातावरण भाविक, देवधर्माचे. दादोबा चार वर्षांचे असताना, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सारा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. राज्य बदलले म्हणजे दरबाराची भाषा बदलते आणि विद्येची वाटही बदलते. आपल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. निजामाच्या राजवटीत येथे सरकारदरबारी उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा मुलूख मोकळा झाला तोवर आमच्या पणजोबांसारख्यांना शाळेचा उंबरठाही माहीत नव्हता. मुंबईत हा बदल आपल्याकडल्यापेक्षा शंभराहून अधिक वर्षे आधी सुरू झाला होता. एल्फिन्स्टन साहेबाच्या कारकिर्दीत १८२२ मध्ये तेथे शाळा व शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. या सोसायटीच्या शाळेत दादोबा इंग्रजी शिकले.

तो काळ मोठा विलक्षण होता. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. मराठीत छापलेली पुस्तके बोटावर मोजण्याइतकी होती. मराठी भाषा शेकडो वर्षे बोलली जात होती, तिच्यात ज्ञानेश्वर-तुकाराम होऊन गेले होते, तरी शाळेतल्या मुलाच्या हाती देता येईल असे तिचे व्याकरण नव्हते. संस्कृत पंडितांना वाटे की, व्याकरण असायचे ते संस्कृताला, प्राकृताला कसले नियम! साहेब लोकांनी मराठीचे व्याकरण लिहिले होते. विल्यम केरीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले होते. पण ते इंग्रजीत होते आणि साहेबांना मराठी शिकता यावी यासाठी होते.

अशा वेळी १८३६ मध्ये दादोबांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते! माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठे. त्याच वर्षी गंगाधरशास्त्री फडके यांचे व्याकरण व जांभेकरांचे 'बालव्याकरण' ही पुस्तकेही निघाली. म्हणजे १८३६ हे साल मराठी व्याकरणाचे जन्मवर्षच म्हणावे लागेल. परंतु पुढे अनेक वर्षे शाळांतून दादोबांचेच व्याकरण चालले आणि लोकांनी त्यांना मराठीचे पाणिनि ही पदवी बहाल केली.

दादोबांनी हे व्याकरण रचताना समोर नमुना ठेवला तो इंग्रजी व्याकरणाचा, विशेषतः लिंडली मरे याच्या पुस्तकाचा. या मरेची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. तो मूळचा अमेरिकेतला वकील. पुढे इंग्लंडात यॉर्क शहराजवळ येऊन राहिला. तेथे मुलींची एक शाळा होती. त्या शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्याने १७९५ मध्ये इंग्रजी व्याकरण लिहिले. मुलींच्या शाळेसाठी लिहिलेले ते पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी पोचले, समुद्र ओलांडून मुंबईला आले आणि एका मराठी तरुणाच्या हाती पडले. हे वाचताना मला एक प्रकारचा आनंद झाला. ज्या व्याकरणाला मी इतकी भीत होते, ते मुळात माझ्यासारख्या मुलींसाठीच लिहिले गेले होते!

आता कोणी म्हणेल की, इंग्रजीचा साचा घेऊन त्यात मराठी ओतली, यात विशेष ते काय? पण साचा घेणे सोपे आणि तो आपल्या भाषेला बसवणे अवघड असते. इंग्रजीत नामाला लिंग नाही म्हटले तरी चालेल, मराठीत तीन लिंगे. इंग्रजीत शब्दामागे येणारे प्रत्यय थोडे, मराठीत विभक्तींची रांगच रांग. इंग्रजीत कर्ता बदलला की क्रियापद बदलते. मराठीत कधी कर्त्याप्रमाणे बदलते, कधी कर्माप्रमाणे, आणि कधी दोघांनाही दाद देत नाही. म्हणून साचा पावलोपावली अडतो. जेथे साचा अडतो तेथेच आपल्या भाषेचा स्वभाव कळतो. दादोबांच्या कामाचे मोल मला येथे दिसते. परक्या भाषेच्या आरशात त्यांनी आपल्या भाषेचे तोंड पाहिले.

माझी पाच वाक्येही अशीच साच्यात अडकली होती. म्हणून त्यांच्याकडे पुन्हा वळते. वाचकांना थोडा व्याकरणाचा कंटाळा सोसावा लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

मराठीत अशा वाक्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. एक गोष्ट घडली तर दुसरी घडेल, असा संकेत म्हणजे अट त्यात असते. आता पाहा. पाऊस पडला तर पीक येईल, यात पडला हे रूप दिसायला भूतकाळाचे आहे. पण पाऊस तर अजून पडायचा आहे! म्हणजे रूप भूतकाळाचे आणि अर्थ पुढचा. आपण हे जन्मापासून बोलतो, म्हणून आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. इंग्रज माणूस याच ठिकाणी वर्तमानकाळ वापरतो. इफ इट रेन्स, द क्रॉप विल ग्रो. त्याचेही रूप वर्तमानाचे आणि अर्थ पुढचाच. दोघांनीही अटीच्या भागात भविष्यकाळ टाळला, फक्त वाट निराळी धरली. मी मराठीचे रूप पाहून भाषांतर केले, अर्थ पाहून केले नाही, म्हणून चुकले. तांबडी रेघ आली ती माझ्या अडाणीपणावर नव्हती. माझ्या मराठीचा एक नियम मलाच ठाऊक नव्हता, त्यावर ती होती.

दुसरा प्रकार कल्पनेचा. मी पाखरू असते तर उडाले असते. मी पाखरू नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. येथे इंग्रजी एक पाऊल मागे सरकते. वर्तमानातली गोष्ट असून भूतकाळाचे रूप घेते. इफ आय वेअर अ बर्ड, आय वुड फ्लाय. आय असताना वॉझ न लिहिता वेअर का, हे मला पूर्वी कधीच समजले नव्हते. हे वेअर गेलेल्या काळाचे नव्हेच. ही गोष्ट खरी नाही, एवढेच ते सांगते.

तिसरा प्रकार होऊन गेलेल्या गोष्टीचा. पाऊस पडला असता तर पीक आले असते. पाऊस पडला नाही, पीक आले नाही, आता काही उपाय नाही. इंग्रजी येथे आणखी एक पाऊल मागे जाते. इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव ग्रोन. म्हणजे गोष्ट शक्य असेल तर क्रियापद जवळ, नुसती कल्पना असेल तर एक पाऊल मागे, आणि हातची गेलेली असेल तर दोन पावले मागे. मराठीतही असता, असती, असते ही रूपे हेच काम करतात. ती आली की ऐकणाऱ्याला समजते, हे घडलेले नाही. बर्फ तापवला तर वितळतो, अशी नेहमीच खरी असणारी गोष्ट असली, तर मात्र इंग्रजी दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ ठेवते.

थोडक्यात, रूपाचा काळ वेगळा आणि बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ वेगळा. मराठी व्याकरणात क्रियापदाचा विचार करताना काळ आणि अर्थ असे दोन भाग करतात ते याचसाठी. पुढच्या व्याकरणकारांनी तर पडला, केला या रूपाला भूतकाळ न म्हणता लाख्यात असे रूपावरून नाव दिले. मला हे एकदा कळले आणि पाचही वाक्ये मी घरी बसून पुन्हा लिहिली.

त्या वेळी आजी शेजारी बसली होती. आमची आजी सीमेपलीकडची, घरात तेलुगू बोलते. मी तिला विचारले, पाऊस पडला तर पीक येईल, हे तू कसे म्हणशील? ती म्हणाली, वान पडिते पंट वस्तुंदि. त्यात जर नाही आणि तरही नाही! क्रियापदाच्या शेवटी ते हा प्रत्यय लावला की अट तयार. मी शिकले असते तर, हे तिने चदुवुकुनि उंटे असे सांगितले. तेथे असणे या अर्थाचे क्रियापद येऊन मिळाले, अगदी आपल्या असते सारखे. इंग्रज अटीचा शब्द वाक्याच्या तोंडाशी ठेवतो, मराठी माणूस तर मध्ये ठेवतो आणि जर पुष्कळदा गाळूनही टाकतो, तेलुगू माणूस अट क्रियापदाच्या पोटातच घालतो. आजीने अंगठ्याशिवाय कधी सही केली नाही, पण हा नियम तिने आयुष्यात एकदाही मोडला नसेल. व्याकरण आधी माणसाच्या तोंडात असते, पुस्तकात मागाहून येते, हे मला त्या दिवशी पटले. दादोबांनी मराठीसाठी जे केले ते हेच. लोकांच्या तोंडातले नियम त्यांनी कागदावर मांडले.

दादोबांचे आयुष्य केवळ व्याकरणात गेले असे मात्र नाही. काही काळ ते माळव्यातील जावरा संस्थानाच्या नबाबाचे शिक्षक होते. पुढे सुरतेला इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून गेले. तेथे दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्यासारखे सुधारक त्यांना भेटले. या मित्रांनी मिळून २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. देव एक आहे, मनुष्यजात एक आहे, जातिभेद खोटा आहे आणि भुताखेतांचे थोतांड टाकून दिले पाहिजे, असे या सभेचे विचार होते. त्या काळी असे बोलणे म्हणजे आपल्या हाताने आपल्यावर बहिष्कार ओढवून घेणे होते!

१८४६ च्या सुमारास दादोबा मुंबईला परत आले आणि शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख झाले. ज्याने भाषेचे नियम लिहिले त्याच्याच हाती ते नियम शिकवणारे शिक्षक घडवण्याचे काम आले. १८४८ मध्ये मुंबईच्या तरुण विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी ज्ञानप्रसारासाठी एक संस्था काढली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे मराठी ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबांकडे होते. सभेत निबंध वाचले जात आणि ज्ञानविज्ञानाचे विषय मराठीतून मांडले जात. याच संस्थेच्या मंडळींनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या.

त्याच वर्षी परमहंस सभा सुरू झाली. तिचे काम गुप्तपणे चाले. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष आणि दादोबा हे तिच्या विचारांचे आधार. दादोबांचा 'धर्मविवेचन' हा ग्रंथ सभेच्या तत्त्वांचा पाया मानला जाई. सभासद होणाऱ्याला जातिबंधन झुगारल्याची खूण म्हणून सर्वांसमक्ष परजातीच्या हातचा पाव खावा लागे. आज पावाचा तुकडा खाण्यात काही पराक्रम वाटत नाही. पण त्या दिवसांत एका तुकड्यापायी माणूस घराला, जातीला आणि सोयरिकीला मुकत असे. सारे लोक आपल्या मताचे झाले म्हणजे सभा उघड करू, असा सभासदांचा बेत होता. पण १८६० च्या सुमारास सभासदांची नावे असलेली वही चोरीला गेली. नावे फुटणार या भीतीने सभासद पांगले आणि सभा मोडली.

येथे मला दादोबांच्या आयुष्यातला एक उणेपणा दिसतो, तो लपवू नये. विचार धीट होते, पण ते उघड मांडण्याचे धैर्य त्या मंडळींना कमी पडले. 'धर्मविवेचन' लिहिला गेला १८४३ मध्ये आणि छापला गेला १८६८ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी! सर्व लोक तयार झाले तर आपण पुढे येऊ, अशी अट त्यांनी स्वतःला घालून घेतली होती. असा तर कधी पुरा होत नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी अशी अट घातली नाही. त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात उघडपणे मुलींची शाळा काढली. तरीही परमहंस सभेचे बीज वाया गेले नाही. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि तो उघडपणे.

हे घराणेच मोठे तेजस्वी होते. दुसरे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये बाँबे गॅझेट पत्रात कंपनी सरकारच्या लुटीवर कडक टीका करणारी पत्रे लिहिली, आणि तीही इंग्रजीत. साहेबाची भाषा शिकून साहेबालाच जाब विचारणारा हा तरुण! आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा ही इंग्लंडला जाऊन आलेली, इंग्रजी उत्तम बोलणारी. १८७८ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला जाण्यापूर्वी मुंबईस आत्मारामांच्या घरी राहिले, तेव्हा त्यांना इंग्रजी संभाषण शिकवले ते या अन्नपूर्णेने. पुढे ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यांनाही सतरा वर्षांचे असताना इंग्रजी बोलण्याचा सराव करावा लागला होता. मग आपण धर्माबादच्या मुलामुलींनी अडखळण्याची लाज का बाळगावी?

१८५२ मध्ये दादोबा शिक्षण खात्यातून मुलकी खात्यात गेले आणि अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले. तेथील कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. सरकारी कामाच्या रगाड्यात आणि नंतर निवृत्तीतही त्यांची लेखणी थांबली नाही. विधवांच्या दुःखावर त्यांनी 'विधवाश्रुमार्जन' लिहिले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी विस्तृत टीका लिहिली, ती १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला त्यांनी 'यशोदा-पांडुरंगी' हे नाव दिले. आईचे नाव आधी आणि वडिलांचे मागून! स्वीडनबोर्ग या स्वीडिश तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, तेही १८७८ मध्ये लंडनला छापले गेले. त्यांनी आत्मचरित्रही लिहावयास घेतले होते, पण ते अर्ध्यावरच राहिले. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादित करून १९४७ मध्ये प्रसिद्ध केले.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती व्याकरणाची पुढची कथा. बावीसाव्या वर्षी लिहिलेले पुस्तक निर्दोष कसे असेल? इंग्रजीच्या साच्यामुळे त्यात काही ठिकाणी मराठीचा स्वभाव नीट उतरला नव्हता. विद्वानांनी त्यावर टीका केली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तर शालापत्रकातून या व्याकरणाची बारकाईने छाननी केली. दादोबांनी आपल्या ग्रंथाला कुलूप लावून ठेवले नाही. १८५० मध्ये त्यांनी तो सुधारून वाढवला, पुढेही आवृत्त्या निघत गेल्या, लहान मुलांसाठी त्यांनी लघु व्याकरणही केले. आणि १८८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, व्याकरणाची 'पूरणिका' प्रसिद्ध केली. पूरणिका म्हणजे आधी जे राहून गेले ते भरून काढणारे पुस्तक. पहिले व्याकरण आणि पूरणिका यांत पंचेचाळीस वर्षांचे अंतर! पंचेचाळीस वर्षे हा माणूस आपलेच वाक्य तपासत होता. पुढल्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागून मोरो केशव दामले आले. कवी केशवसुतांचे हे बंधू. त्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ लिहिला आणि दादोबांच्या पुष्कळ मतांची फेरतपासणी केली. आज कोणी मराठी व्याकरण शिकताना दादोबांचे पुस्तक उघडीत नाही. पण पुढच्यांना दुरुस्त करण्यासाठी का होईना, कोणीतरी पहिले पुस्तक लिहून ठेवावे लागते. दादोबांनी ते धाडस केले. मराठीचे पाणिनि ही पदवी त्यांना शोभते ती याच अर्थाने, असे मला वाटते.

आपल्या धर्माबादेहून थोड्याच अंतरावर गोदावरीकाठी बासरला सरस्वतीचे मंदिर आहे. लांबलांबचे लोक मुलांना घेऊन तेथे येतात आणि तांदळात बोट धरून पहिले अक्षर गिरवतात. माझे बोटही लहानपणी वडिलांनी तेथेच धरले होते. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते, पुजाऱ्याने सांगितले तसे त्यांनी माझे बोट फिरवले. परवा संध्याकाळी ते मोंढ्यातून आले तेव्हा मी वही घेऊन बसले होते. काय लिहितेस म्हणून त्यांनी विचारले. मी जर-तरची वाक्ये समजावून सांगू लागले. पाऊस पडला असता तर, पैसे असते तर, अशी उदाहरणे दिली. ते ऐकून घेत होते. मग पाठीचा पंचा काढता काढता ते सहज म्हणून गेले की, ते शिकले असते तर आडतीवर पावत्या लिहायला बसले असते.

मी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि त्याचे इंग्रजी केले. इफ माय फादर हॅड स्टडीड, ही वुड हॅव रिटन द रिसीट्स. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवले. या वेळी तांबडी रेघ आली नाही. वाक्य बरोबर होते, तरी मला आनंद कमी आणि वाईटच जास्त वाटले, कारण हॅड आले म्हणजे गोष्ट हातची गेलेली असते, हे आता मला समजत होते. वडिलांचे वाक्य मी बदलू शकत नाही. परंतु माझ्या वाक्यात अजून हॅड आलेले नाही. मी शिकले तर, एवढीच अट आहे, आणि ती शक्य असलेल्या पहिल्या प्रकारात मोडते.

इंग्रजी सोडण्याचा विचार मी सोडून दिला आहे. अजूनही माझी वाक्ये चुकतात. चुकली की मी ते वाक्य आधी मराठीत नीट पाहते, कधी आजीला तेलुगूत विचारते, आणि मग इंग्रजीकडे जाते. आपल्यापैकी ज्या मित्रमैत्रिणींना इंग्रजीच्या व्याकरणाचा धाक वाटतो त्यांनीही एकदा हे करून पाहावे. आपली भाषा येते म्हणजे अर्धे व्याकरण आपल्याला येतेच, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. बावीस वर्षांच्या एका तरुणाने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी हे ओळखले आणि सदुसष्टाव्या वर्षापर्यंत आपल्या चुका दुरुस्त करण्याचा कंटाळा केला नाही. त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!